जाऊबाईंच्या पात्यांना जादा आच

४ मार्च, मंगळवार

आधी दारातून आत आला तो गॉगल, मग पर्स, आणि त्यांच्या मागून आमच्या धाकट्या जाऊबाई. भाऊजी सगळ्यात शेवटी, दोन्ही हातांत खोका धरून. इतक्या वर्षांनी. मी भाजी निवडत होते ती निवडतच राहिले, उठले नाही. मुद्दाम. तर जाऊबाई म्हणतात, ताई, उठू नका हो, आपण काय परक्या आहोत? म्हणजे मी उठणारच होते असं त्यांनी आपलं ठरवून टाकलं.

काम काय, तर त्यांच्या कारखान्यातल्या मोठ्या भट्टीच्या आतल्या विटा ढासळल्यात आणि गिऱ्हाईक मानेवर बसलंय. म्हणून आमच्या मागच्या शेडमधल्या भट्टीत त्यांच्या पात्यांना हीट ट्रीटमेंट करून हवी. निकेलची पाती, म्हणजे निकेलमध्ये आणखी काय काय धातू मिसळलेले. मोठ्या इंजिनाच्या पोटात लाल होऊन फिरतात म्हणे. फिरोत.

ती भट्टी आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. हे आजारी पडले तेव्हा भाऊजी गिऱ्हाइकं घेऊन वेगळे झाले, आणि जाता जाता जाऊबाई भट्टीकडे बघून म्हणाल्या, हा डबा तुम्हालाच राहू दे. हे पलीकडच्या खोलीत पडून होते. त्यांना ऐकू गेलं. भिंतीकडे तोंड करून झोपले ते जेवायलाही उठले नाहीत.

माझा स्वभाव डूख धरायचा नाही. एवढं एकच धरलंय. आणि माझं झाकणाचं पातेलं त्या घेऊन गेल्या ते.

मुलगा लगेच, हो काका, करून देतो. बापावर गेलाय. मी मात्र ठरवलं, हातात आलेत तर जिरवायची. सुरुवात म्हणून जाऊबाईंच्या चहात साखर घातली नाही. त्यांनी घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, ताई, मला साखर बंद आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्या घरात कोणाच्या लक्षात राहत नाही.

असो. छोटी सुरुवात होती.

५ मार्च, बुधवार

सूड विचार करून घ्यावा लागतो, म्हणून शेडमध्ये जाऊन बसले. तिथे कोपऱ्यात सूनबाईचं मायक्रोस्कोपचं टेबल आहे. ती शिकलेली. मी शाळेत गेले ती धाकट्या भावाला सोडायला आणि आणायला, मधल्या वेळात जेवढं कानावर पडलं तेवढं. सूनबाईने पात्याचा तुकडा कापून, घासून, आरशासारखा करून, त्यावर ॲसिड लावून मला दाखवला. मला वाटायचं धातू आतून लोण्यासारखा सपाट असेल. तर आत सगळ्या वेड्यावाकड्या फरश्या, एकीला एक चिकटून. त्यांना कण म्हणतात.

नात बाहेर बादलीत साबणाचा फेस करत बसली होती. सूनबाई म्हणाली, आई, तो फेस बघा, मोठे बुडबुडे लहानांना गिळतात ना? धातू तापला की कणही तेच करतात. मी म्हटलं, आमच्या घरात तेच झालं. ती हसली नाही. म्हणाली, पण या धातूत कणांच्या हद्दीवर अगदी बारीक गोळ्या असतात, खुंट्या ठोकल्यासारख्या, त्या हद्द सरकू देत नाहीत. ठराविक आचेपर्यंत त्या टिकतात. त्याच्या वर गेलं की विरघळतात, मग कण मोकाट सुटतात आणि फुगतात. कण बारीक असले तर पातं ओढाताणीला चिवट. आणि मोठे झाले की

तेवढ्यात दूध लागल्याचा वास आला आणि मी पळाले. दूध वाचलं. पळतानाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कण मोठे म्हणजे पाती भंगारात. बटण जरा पुढे सरकवलं की काम झालं. बाकीचं ऐकायची गरज राहिली नाही.

६ मार्च, गुरुवार

जाऊबाई पुन्हा आल्या, पाती नीट ठेवलीत का बघायला. विश्वास नाही. मी तोंडावर म्हटलं, बरंच अंग सुटलंय तुमचं. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, खरंच? दुखण्यातून उठल्यापासून जो तो म्हणतो, वाळलात.

बोलून उपयोग नाही. आता भट्टीच.

भाऊजींनी बटणाजवळ चिठ्ठी चिकटवून ठेवलीय, इतकीच आच, वर नको. माझंच काम सोपं करून ठेवलं.

७ मार्च, शुक्रवार

झालं.

पाती आत होती, मुलगा फोनवर बोलायला अंगणात गेला. मी पीठ मळत होते ती तशीच उठले, शेडमध्ये गेले, बटण चिठ्ठीच्या पुढे सरकवलं आणि परत येऊन पीठ मळलं. काटा चढताना बघायला थांबले नाही. सराईत माणूस थांबत नाही. ह्यांच्या फोटोकडे बघून नुसती मान हलवली. ह्यांनी काही उत्तर दिलं नाही. जिवंतपणीही देत नसत.

संध्याकाळी

मुलाने काटा बघितला आणि कपाळाला हात लावला. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला, सगळं ठीक आहे, आणि चहा पिऊन गेला. कोणाला संशय नाही. सूनबाईने मात्र ओला फडका घेऊन बटणावरचं पीठ पुसून काढलं आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. कधी नव्हे ती साफसफाई. माझं बघून शिकतेय.

मुलगा जेवला नाही. म्हणतो, काकांना खरं सांगणार, उद्यापासून मला कोण काम देईल? मीही ताट झाकून ठेवलं. पण सूडात थोडं आपलंही सांडतं. ते धरूनच चालायचं.

८ मार्च, शनिवार

त्याने फोन करून सांगितलं. आच वर गेली, कण मोठे झालेत. भाऊजींचं ओरडणं मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं, आणि मागून जाऊबाई, मी म्हटलं नव्हतं, डबाच तो. तरी पाती घेऊन गेले, दुसरी करायला वेळ नाही म्हणून.

आज मी भाजीत मीठ दोनदा घातलं, इतका आनंद.

१४ मार्च, शुक्रवार

अजून रडत आले नाहीत.

१७ मार्च, सोमवार

मुलगा शेडमध्ये नुसता बसून असतो. त्याला सांगावंसं वाटलं. मग वाटलं, त्या येऊन गेल्यावर सांगू. आल्या की काय बोलायचं ते पाठ केलंय. क्षमा करणार आहे, पण उभ्या उभ्या. बसा म्हणणार नाही.

२४ मार्च, सोमवार

आले. या वेळी भाऊजी पुढे, तेही पळत. मी चांगलं पातळ नेसून उभी होते. ते माझ्या बाजूने गेले आणि मुलाला मिठीच मारली.

पाती पास झाली. गिऱ्हाईक म्हणे पाती तापवून, त्यांना वजन टांगून दिवसेंदिवस ठेवतं. यांची आधीची सगळी ताणली जाऊन लांब होत होत तुटली होती. तीन वेळा माल परत आला, हे त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. आणि आमच्या भट्टीतली मात्र टांगली तशीच राहिली.

सूनबाईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, आई, त्या दिवशी तुम्ही दुधाकडे पळालात ना, तेव्हा मी हेच सांगणार होते. कायम तापात राहायचं असेल तर धातू कणांच्या हद्दीवरून हळूहळू घसरतो. कण मोठे, तर हद्दी कमी, घसरणं कमी. काकांच्या पात्यांना मोठेच कण हवे होते, त्यांनी आच चुकीची लिहिली होती. मग म्हणाली, बटण कोणी फिरवलं देव जाणे. आणि पदराने तोंड पुसलं. घाम आला असावा.

भाऊजी म्हणाले, माझ्या मनात पहिल्यापासून होतंच, आच थोडी वाढवावी. जाऊबाई म्हणाल्या, यांचं डोकंच तसं. मी तोंड उघडलं. म्हणणार होते, अहो, मी फिरवलं. पण मग बघितलं, मुलगा किती दिवसांनी हसत होता. आणि सांगून काय सांगणार? तुमचं वाटोळं करायला गेले होते, म्हणून? तोंड मिटलं. चहा ठेवला.

आता सगळी ऑर्डर आमच्या भट्टीत. मोठ्या भट्टीला एवढी आच झेपत नाही म्हणे. भाऊजींनी भट्टीवर थाप मारली आणि म्हणाले, ही बांधताना दादाला एकेक वीट मीच सांगत होतो.

मी ह्यांच्या फोटोकडे बघितलंच नाही.

गुरुवारी येतो म्हणालेत, २७ तारखेला, सकाळीच. जाऊबाई मुक्कामाला.