शेऱ्याचा रकाना

प्रिय शिवशंकर,

शेळ्या-मेंढ्यांच्या नोंदीची आपली वेब सर्व्हिस कुठल्या पद्धतीनं चालवायची, हे साहेब उद्या ठरवणारेत. यावरून किती भांडलो रे आपण! मी म्हणायची, लसीकरण शिबिरातल्या टॅबनं बीडच्या सर्व्हरवरच्या त्या शेळीच्या ऑब्जेक्टलाच, म्हणजे तिच्या चालू नोंदीलाच, थेट विचारावं आणि जागच्या जागी उत्तर घ्यावं. तू म्हणायचास, अगं बाई, डोंगरात रेंज कुठंय? शेळी, मालक, लस, सगळं एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहून निरोप सोडायचा, पलीकडचा सवडीनं उघडेल. वर त्यात 'शेरा' म्हणून रकाना घुसडलास. बोकड लई माजोरी हाय, असलं काहीबाही लिहायचास. मी एकटीच हसत बसायची.

साहेबांना आता माझी पद्धत हवीय, कारण तुझे निरोप थांबत नाहीत. रोज दुपारी तीनला एक येतो, तुझ्याच टॅबच्या नावानं. आधी वाटलं, रांगेत अडकलेले जुने असतील. मग लिंबागणेश गावच्या दोन करडांची नोंद आली, बिल्ल्यांच्या नंबरांसकट. बद्रीनाथ मेंढपाळाला फोन लावला, तर म्हणाला, ती सकाळीच जन्मलीत, अजून कुणी हात लावला न्हाई. तरी मी गेले. भर उन्हात दोन्ही करडांच्या कानात बिल्ले, नंबर निरोपातलेच, रक्त अजून ओलं. त्याची बायको तुळजाबाई सहज बोलून गेली, तुमच्यासंगं शिबिराला यायचे ते साहेब आत्ताच येऊन गेलते की, पाणीबी घेतलं न्हाई. अरे, तुझा फुटका टॅब माझ्या कपाटात आहे. अपघातानंतर पोलिसांनी तुझ्या घड्याळासोबत माझ्याच हातात दिला होता.

कालच्या निरोपात शेळी नव्हती, मालक नव्हता. नुसता शेरा: मांजरसुंब्याच्या फाट्यावर उभा हाय, घ्यायला येतीस का? अपघाताच्या दिवशी सात वेळा फोन केलास, तो यासाठीच ना? भांडणाच्या रागात मी उचलला नाही, आणि तू मिळेल त्या ट्रकमध्ये बसलास, तोच उलटला. सहा महिने झाले, एक घास गोड लागला नाही मला. साहेबांना लिहून टाकलंय, शिवशंकरचीच पद्धत ठेवा, तिला पलीकडं कुणी जागं असावं लागत नाही. हे पत्रही तसंच, तुझ्या टॅबच्या नावानं रांगेत सोडतेय. गाडी बाहेर काढलीय. तीन वाजेपर्यंत कुणाच्याही ट्रकमध्ये बसू नकोस. मी येतेय.

तेव्हाही आणि आत्ताही तुझीच,
वनमाला