आठव्या घरातलं हृदय

३ मार्च, सोमवार
आजपासून चिडायचं नाही. आणि शुक्रवारच्या आत तिच्याशी बोलायचं.
ती म्हणजे नवी भाषांतरवाली. आमची कंपनी बनवते त्या वॉशिंग मशीनच्या फर्मवेअरमधली, म्हणजे मशीनच्या डिस्प्लेवर उमटणारी, वाक्यं परभाषेत करते. त्या भाषेत अक्षरांवर टिंबं, खाली शेपट्या. आमच्या बोटभर डिस्प्लेला असली अक्षरं ठाऊकच नाहीत. मात्र आपण काढलेली अक्षरं ठेवायला त्यात आठ रिकामी घरं आहेत.
सीनियर (खासगीत टाचणी) म्हणाला, आधी प्रत्येक वाक्य वाच, अक्षरांची यादी कर. मी म्हटलं, स्क्रिप्ट लिहितो, छोटा प्रोग्राम, तोच अक्षरं शोधेल. याद्याच करायच्या असत्या तर कॉलेज अर्ध्यात कशाला सोडलं असतं?
चिडलो नाही. खुर्ची फक्त जरा जोरात सरकवली.

४ मार्च, दुपार
स्क्रिप्ट तयार. शेपटीवालं अक्षर दिसलं की त्याच्या जागी घराचा नंबर. सातच अक्षरं लागली. आठवं घर मोकळं, तिथे हृदय काढलं. पाच ठिपके रुंद, आठ उंच. तिच्या टेस्ट मशीनवर धुणं संपलं की उमटेल. ती काय ते समजेल. बोलायची गरजच नाही.

संध्याकाळ
अनोळखी अक्षर आलं की स्क्रिप्ट अडते. टाचणीपुढे कोण तोंड उघडणार? असली सगळी अक्षरं आठव्या घरात पाठवली. असून असून किती असतील?

५ मार्च
ताईला प्लॅन सांगितला. तिच्याकडे राहतो, सांगावं लागतं. म्हणाली, त्या मुलीशी एकदा तरी बोललायस का? म्हटलं, काल तिने चार्जर मागितला. ताई म्हणाली, मग दिलास? चार्जर माझ्याकडे नव्हता, पण मुद्दा तो नाही. दाजी पेपरामागे होते. पेपर हलत होता.

६ मार्च
तिने धुणं लावलंच नाही. थेट धोक्याच्या सूचना तपासायला घेतल्या. त्या अख्ख्या कॅपिटल अक्षरांत. माझ्या स्क्रिप्टला फक्त लहान अक्षरं ओळखता येतात.
'दार उघडू नका, पाणी गरम आहे' यात चार हृदयं. 'हात लावू नका, शॉक बसेल' यात पाच.
टाचणीने तिला विचारलं, हे काय? ती वाकून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, बटाटे असावेत.
डोकंच फिरलं. म्हटलं, बटाटे नाहीत ते. टाचणी म्हणाला, मग काय आहे?
ती माझ्याकडे बघत होती.
म्हटलं, बटाटेच.

७ मार्च, सकाळ
यादी करतोय. हाताने. एकेक वाक्य वाचून. चूक डिस्प्लेची आहे. पाच ठिपक्यांत कुणाचंही प्रेम बटाट्यासारखंच दिसणार.

संध्याकाळ
कॅपिटल अक्षरं बिनशेपटीची चालतील, ती म्हणाली. आठवं घर पुसलं. तिने पुन्हा सगळं तपासलं आणि माझ्यादेखत टाचणीला म्हणाली, मुलगा कष्टाळू आहे, त्याला बोलू नका.
मुलगा. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.
टाचणीने मान डोलावली.