नवी आवृत्ती येईपर्यंत

लोहारा, यवतमाळ
१२ ऑक्टोबर २०१७

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

तू आणि प्रियंकावहिनी मजेत असाल. आई बरी आहे. इथं अजून ऊन आहे, मधूनच ढग येतात. कपाशीची पऱ्हाटी या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली आहे. पुण्यात बसून तुला खोटं वाटेल, पण वावरात चार पावलं आत शिरलं की माणूस दिसत नाही.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. तूच म्हणाला होतास, "मशीनच्या तक्रारी सविस्तर लिहून पाठव, नव्या आवृत्तीत सगळं घेतो." व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की तू अंगठा दाखवतोस. फोनवर सांगितलं की "नोंदवलं, नोंदवलं" म्हणतोस आणि मागून कुणीतरी तुला हाक मारतं. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून कागद.

वणीच्या लग्नाच्या शूटिंगपासून सुरू करते. नवरा-नवरी हार घेऊन उभे. तू बनवलेल्या मशीनच्या रुळावरून कॅमेरा हळूहळू त्यांच्याकडे सरकतोय, फार छान दिसतंय, आणि तेवढ्यात माझ्या फोनवर कर्ज घेता का म्हणून कुणाचा तरी फोन आला. झालं. फोन वाजला की तुझं अ‍ॅप झोपतं आणि मशीन जागच्या जागी उभी. हार घालून झाले, टाळ्या झाल्या, मी मांडवात वाकून बटन दाबतेय. नवरीचा मामा म्हणतो, "ताई, गाडी पंक्चर झाली काय तुमची?" सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

दुसरं असं की, निघताना आणि थांबताना ती झटका देते. एसटीचा ड्रायव्हर बरा. तिसरं, बॅटरी बदलली की ती कुठवर आली होती ते साफ विसरते आणि सुरुवातीला परत जाते. तुला सांगून वर्ष होत आलं. "पुढच्या आवृत्तीत ती जागा लक्षात ठेवेल," हे तू उन्हाळ्यात म्हणालास, पोळ्याला म्हणालास, परवा पुन्हा म्हणालास. दादा, तुझी ही पुढची आवृत्ती म्हणजे आपल्या गावचा डांबरी रस्ता झाली आहे.

लग्नात एक वेळ चालून जातं. बोंडअळीच्या फिल्ममध्ये नाही चालत. नागपूरच्या एका संस्थेनं हे काम दिलं, ते तुला माहीत आहे. गुलाबी अळी बोंडात शिरते कशी, आत राहून सरकी खाते कशी, आणि वरून बोंड मात्र चांगलं कसं दिसतं, हे शेतकऱ्यांना डोळ्यांनी दाखवायचं आहे. त्यासाठी आपल्याच वावरात, धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या झाडांसमोर तुझी मशीन लावली. दर थोड्या वेळानं केसभर सरकायचं आणि एक फोटो काढायचा, असं दिवसचे दिवस. एकदा मशीन मागं गेली की मागची सगळी मेहनत मातीत. दोनदा गेली. दुसऱ्यांदा मी धुऱ्यावर बसून रडले, तुला सांगितलं नाही एवढंच.

मशीन लावली त्या दिवशी बाबा आले होते बघायला. बराच वेळ तिच्यासमोर उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "चालून राह्यली का उभीच हाय? गोगलगायीले लाज वाटन."

मी म्हटलं, "बाबा, तिचं कामच तसं आहे."

ते उठून कामाला लागले. पण दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर मशीनवर चार काठ्या उभ्या करून ताडपत्रीचं छप्पर घातलेलं. रुळावरची धूळ आपल्या दुपट्ट्यानं पुसायचे. मशीन थांबली की मी घरून फोन करायची, ते जाऊन हिरवं बटन दाबायचे आणि म्हणायचे, "दाबलं. झाली चालू. आता मले काम करू दे." तू पॉलिटेक्निकची नोकरी सोडलीस तेव्हा "खेळणे बनवाले कायले पाह्यजे एवढं शिकून?" असं म्हणणारे हेच बाबा. त्या एका वाक्यावर तू दोन वर्षं घरी आला नाहीस. तुमच्या दोघांपैकी जास्त हट्टी कोण, हे मला अजून कळलेलं नाही आणि आता कळून घ्यायचंही नाही.

चौथी तक्रार. मशीन मधेच आपोआप थांबते आणि माझ्या फोनवर "थांबले" असा निरोप येतो. निरोप येतो, पण घरून ती सुरू करता येत नाही. कुणीतरी जाऊन बटन दाबायचं. निरोप पाठवायची अक्कल आहे, तर उलटा हुकूम ऐकायची का नाही? तू म्हणालास, नव्या आवृत्तीत घरबसल्या सुरू करता येईल, जागेवर जायची गरजच पडणार नाही.

याच्यावर मला लिहायचं आहे आणि लिहवत नाही. आई दोनदा विचारून गेली, "एवढं काय लिहून राह्यली?" मी म्हटलं, मशीनचं.

गेल्या महिन्यातल्या त्या दिवशी दुपारी मी घरी वणीच्या लग्नाच्या व्हिडिओची जोडणी करत बसले होते. "थांबले" असा निरोप आला. सकाळपासून तिसऱ्यांदा. तुझ्या नावानं काय काय म्हटलं ते लिहीत नाही. बाबांना फोन लावला. ते वावरातच होते, फवारणीला गेले होते. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मग बाबांचाही राग आला. फोन कडुलिंबाला डबीत टांगून ठेवला असेल, असं म्हणत स्कूटी काढली. रस्ताभर तुम्हा दोघांशी मनातल्या मनात भांडत गेले.

मशीन उभी होती. बटन दाबलं, सुरू झाली. मी परत निघालेच होते. मग वाटलं, बाबांना दोन शब्द सुनावून जावं. हाक मारली. उत्तर नाही. पऱ्हाटी इतकी उंच की काही दिसेना, नुसता औषधाचा वास. पंपाची मोटर कुठंतरी घरघरत होती, त्या आवाजावर आत शिरले.

बाबा झाडांच्या दोन ओळींमधल्या तासात बसले होते. पाठीवर पंप तसाच. सदरा औषधानं भिजलेला, उलटी झालेली. एवढ्या उंच झाडांवर वर नळी धरून फवारायचं म्हणजे सगळं अंगावरच येतं, आणि तोंडाला काय, तर तोच दुपट्टा.

"बाबा, काहून बसले इथं?"

"दीपा हाय काय?" म्हणाले. "डोयाले दिसून नाही राह्यलं, बाई. अंधार पडला काय?"

ऊन डोक्यावर होतं, दादा.

शेजारच्या वावरातले वामनकाका धावत आले. पंप काढला, सदरा काढला, अंगावर पाणी ओतलं आणि काकांच्या मोटरसायकलवर बाबांना आमच्या दोघांच्या मधे धरून मोठ्या दवाखान्यात नेलं. वॉर्डात तशीच माणसं. कोणी झरीकडचं, कोणी आर्णीकडचं, सगळी फवारणीची. काही जण इतके तडफडत होते की त्यांचे हात कापडी पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. बाबांचेही बांधले. आईनं ते पाहिलं आणि ती बाहेर जाऊन बसली, आत यायला तयारच होईना.

डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

म्हणजे बघ. तुझी नवी आवृत्ती वेळेवर आली असती तर मी घरी बसून बोटानं मशीन सुरू केली असती आणि पुन्हा लग्नाच्या जोडणीला लागले असते. संध्याकाळपर्यंत कुणी वावराकडे फिरकलं नसतं. या गोष्टीचा मला इतका राग येतो की कुणावर काढू कळत नाही. जिच्यावर वर्षभर चिडले तिचे आभार मानायचे का? मी मानणार नाही. ती बिघडलेली होती, एवढंच खरं आहे. तू ती दुरुस्त कर. माणूस जगला तो मशीन बिघडली म्हणून, ही काय पद्धत झाली?

शुद्धीवर आल्यावर बाबांचं पहिलं बोलणं हेच, "अश्वजितले सांगू नको. कामात असन. उगाच धावत येईन." मी हो म्हटलं. म्हणून परवा फोनवर "बाबा कसे आहेत" असं तू कधी नव्हे ते विचारलंस, तेव्हा "बरे आहेत" म्हणाले. आता घरी आणलं आहे. खातात, बोलतात, आईशी भांडतात. नजर मात्र अजून धुरकट आहे. बरीचशी परत येईल असं डॉक्टर म्हणतात. किती आणि कधी, ते सांगत नाहीत.

फिल्मचं काम मी सोडलेलं नाही. संस्थेच्या साहेबांना सांगितलं, अळीच्या आधी फवारणी कशी करायची ते दाखवू. अंगभर कपडे, तोंडाला मास्क, आणि डोक्याच्या वरच्या झाडांवर अशी फवारणी करायचीच नाही. ते म्हणाले, विषय अळीचा ठरला आहे. मी म्हटलं, मग दुसरा कॅमेरा शोधा. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, करा म्हणाले. ते चित्रण मीच वामनकाकांना घेऊन केलं. बाबा धुऱ्यावर खाट टाकून बसले होते आणि दिसत नसताना सूचना देत होते.

बाबा तुला बोलावणार नाहीत. आई बोलावेल, पण रडून, आणि तिला रडवायची माझी तयारी नाही. म्हणून मी लिहिते आहे. मशीनसाठी येऊ नकोस. तिचं काय ते कुरियरनं पाठव.

आलास की दारात नुसता उभा राहू नकोस. आधी बोल, काहीही बोल. समोर कोण आहे ते बाबांना चेहऱ्यावरून कळत नाही, आवाजावरून ओळखतात. दोन वर्षं त्यांनी तुझा आवाज ऐकलेला नाही.

तुझी,
दीपा