घोडीच्या ट्रेलरमधलं बाकडं

बाबा, घोडीसाठी मी जुना ट्रेलर घेतलाय. शिरड शहापूरकडच्या एका हौशी माणसाने आपले नाचाचे घोडे विकले, तेव्हा हाही काढला. पिकअपच्या मागे जोडायचा, दोन घोडे उभे राहतील एवढा. आपल्याकडे एकच, तुमच्या घोडीची लेक. म्हणून वारंगा फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून तो सोयीचा करून घेतला. चढायची फळी लांब केली, तिच्यावर आडव्या पट्ट्या मारल्या, खाली रबर अंथरलं, घोडीच्या तोंडाशी खिडकी पाडली. प्रश्न उरला तो शेजारच्या रिकाम्या जागेचा.

तुमच्या वेळी वरातीला जायचं म्हणजे चालतच. कळमनुरीचं लग्न असलं की आपण पहाटे निघायचो. तुम्ही पुढे लगाम धरून, मी मागे हरभऱ्याचं गाठोडं घेऊन. रस्ताभर तुम्ही तिच्याशी बोलताय. सोयाबीन कसं आलंय, आत्याचा गुडघा काय म्हणतोय, मला गणितात किती पडले, सगळं तिच्या कानात. वर्गातलं कुणी दिसलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा चिडून म्हणालो, टेंपो करा ना बाबा, लोक हसतात. तुम्ही थांबलातसुद्धा नाही. "टेंपोत तिच्यासंग कोन बोलंल रे?" एवढंच म्हणालात आणि पुन्हा आत्याच्या गुडघ्याकडे वळलात.

ट्रेलरमध्ये ही उभी राहते, पण गाडी हलली की खूर आपटते. उतरते तेव्हा घामाने निथळत असते. नवरदेव बसला की अंग चोरते, लोकांना वाटतं बँडला बिचकली. ती वाटेतच बिचकलेली असते हे मला माहीत आहे, आणि बायकोलाही. रिकाम्या जागेत बाकडं बसवायचं तिनेच सुचवलं. "तुमी बसत जा तिच्याजवळ, गाडी चालवाया ड्रायव्हर हाय की. मामंजी तर चालत जायचे."

मी खेकसलो, "मी काय घोडं हाय व्हय, मागं बसायला?"

"घोडं असता तर बरं झालं असतं. तिला सोबत तरी झाली असती."

त्या रागात मी तिथे वरातीच्या दिव्यांची पेटी आणि जनरेटर बसवून घेतला. आता घोडीबरोबर दिव्यांचीही सुपारी मिळते.

काल घोडीच्या मानेवर हात ठेवला तर तिने मान काढून घेतली. फार अपराधी वाटलं, बाबा. घरात येऊन बायकोला म्हटलं, लग्नसराई संपली की पेटी काढू, बाकडं टाकू. ती खूश झाली. त्यामुळे हे पत्र तिला वाचून दाखवता येणार नाही, आणि तुम्हाला धाडायला पत्ता नाही. खरं म्हणजे सराईनंतरही मी बाकडं टाकणार नाही. केबिनमध्ये गाणी आहेत, पंखा आहे, म्हणून पुढेच बसतो, असं मी ड्रायव्हरला सांगतो. पण मागे घोडीजवळ बसलो तर तिच्याशी काय बोलायचं, तेच मला सुचत नाही.