सतरा वर्षांखालच्या संघाचा पहिला विजय

४ मार्च
ही वही जानेवारीत घेतली, लिहायला आज मुहूर्त लागला. घाई करायची नाही, हा आपला स्वभाव. फुटबॉल महासंघाच्या रेकॉर्ड रूममध्ये चिकटलो. मामा इथे शिपाई. काम एवढंच: सतरा वर्षांखालच्या राष्ट्रीय संघाचे सगळे आंतरराष्ट्रीय सामने तक्त्यात उतरवायचे. एकूण एकेचाळीस. रोज दहा. पाचव्या दिवशी मी मोकळा, डोंगरात.

५ मार्च
एक उतरवला. ०-६. मग खिडकीतून समोरचा वेल्डर बघत बसलो. वेल्डिंग शिकायला हवं.

६ मार्च
चहाला म्हणून निघालो, थेट बसस्थानक गाठलं. परतलो चार तासांनी. मामा म्हणाले, गाढवा, साहेबांना मी शब्द दिलाय, तीन महिन्यांत रिटायर होतोय, जाता जाता माझं नाक कापू नकोस. उद्यापासून बाहेरून कडी. उत्तम. एकाग्रता वाढेल.

७ मार्च
खिडकीला गज सात.

११ मार्च
सव्वीस झाले. एका कागदावर चहा सांडला. वाळवून त्याचं विमान केलं, सोडलं खिडकीतून. वेल्डरने आडवी उडी मारून दोन्ही हातांनी झेललं. या वयात!

१४ मार्च
चाळीस झाले. छत्तीस हरलो, चार बरोबरीत. एकेचाळिसाव्याचा कागद नाही; यादीत नुसती तारीख आणि खेळाडूंची नावं. म्हणजे तोच उडाला. जागा रिकामी बरी दिसेना. २-१ लिहिलं, आपल्या बाजूने. तक्ता वाचतंय कोण?

१५ मार्च
साहेबांनी वाचला. म्हणाले, इतकी वर्षं आपण एकही जिंकलो नाही म्हणत होतो, तुमच्या भाच्याने विजय शोधून काढला! शनिवारी त्या संघाचा सत्कार. मामांचे डोळे भरले. मामीला म्हणाले, पोरगं वाया गेलेलं नाही गं. उद्या सकाळी पहिलं काम: खरं सांगणं.

१६ मार्च
सकाळी साहेब बिझी होते. दुपारी मी.

१८ मार्च, शनिवार, सकाळी १०
गजांतून डोकं जातं, कान अडतात. पण घाबरायचं कारण नाही. जुने पत्ते, जुनी माणसं, येतंय कोण?

१०.२०
कडी निघाली. दारात मामा, नव्या शर्टात. म्हणतायत, भाच्या, उठ, नमस्कार कर, त्या सामन्यातले आपले गोलकीपर आलेत.
मामांच्या मागे समोरचा वेल्डर. खिशातून माझं विमान डोकावतंय, टोकाला चहाचा डाग.