डावीकडून दोन बोटं

देऊळघाट,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय शेखर,

सलाम अन् रामराम, दोन्ही घे. जानेफळले थंडी कशी हाय? वहिनीचा गुडघा कसा हाय? इकडे आम्ही सारे खुशाल. जमीलानं कालच तिळाचे लाडू केले, तुह्या वाट्याचे डब्यात काढून ठेवले. मलिहाची दहावी जवळ आली म्हणून घरात टीव्ही बंद हाय. म्हणजे माह्यासाठी बंद. तिच्या मोबाईलले हात लावायची कोणाची हिंमत नाही.

तू पाहून परत धाडलेला डिसेंबरचा फोटो बुधवारी पोस्टानं भेटला. मागच्या बाजूले नेहमीसारखी तुही पेन्सिल. 'आवडलं' खाली सहा ओळी! बारा वर्षं झाले आपण एकमेकांचे फोटो तपासून राह्यलो, सहा ओळी तू मले कधी देल्या बे? घाटातलं धुकं आवडलं, त्यातून वर आलेले सागाचे शेंडे आवडले, सारंच आवडलं. अन् 'खटकलं' खाली नुसती एक रेघ. तिच्याखाली लिहिलं, "हैदर, आता जमलं. नजर बसली तुही."

हे वाचून मी खुश व्हायले पाहिजे होतं. मी तो फोटो पेटीत उलटा टाकला अन् पेटीले कुलूप लावलं.

फोन काऊन नाही केला म्हणशील. फोन लावला की जमीला बाजूले येऊन बसते. अन् तुहा आवाज ऐकला की मले थापा मारता येत नाही. तसाही आपला नेम हाय ना, फोटोची गोष्ट कागदावर. मोबाईलवर सारेच फोटो चांगले दिसते, छापून घे, पोस्टानं धाड, मी मागं लिहून देतो, हे तूच ठरवलं होतं. म्हणून लिहून राह्यलो.

त्याच्याआधीचे तीन फोटो माह्यासमोर हायत. तू लिहिलेलं मले आता पाठ झालं. सप्टेंबर, ज्ञानगंगाच्या जंगलातलं गवत: "डाव्या कोपऱ्यात मोटारसायकलचं चाक घुसलं. दिसलं नाही का?" ऑक्टोबर, लोणारचं सरोवर: "डावीकडं कोणाचा तरी कोपर. लेका, माणूस घ्यायचा तं पुरा घे, नाही तं सोड." नोव्हेंबर, तुरीचं शेत: "डावीकडं विजेचा खांब, खांबावर कुकरची जाहिरात. तू शेताचा फोटो काढला की कुकरचा?"

किती चिडलो होतो मी! कृषी खात्यात बसून तुले फोटोतलं काय समजते, असंही लिहून धाडलं. तू रागावला नाही. उलट उपाय सांगितला: "कडेले लक्ष जात नसन तं डावीकडून दोन बोटं कापून टाक. फोटो सुधरते."

डिसेंबरचा फोटो मी कापूनच धाडला होता, शेखर. दोन बोटं नाही, चार. कापलेल्या तुकड्यात काय होतं सांगू? ट्रक. आख्खा लाल ट्रक, रस्त्याच्या कडेले उभा. तो मले घाटात दिसलाच नाही. छापलेला फोटो हातात आला, मान वळवून पाह्यलं, तवा दिसला. मी त्या ट्रकले घासून चालत गेलो असन, अन् मले माहीत नाही.

कापला अन् तुले आवडला. म्हणून तुही ती रेघ पाहून मले घाम फुटला.

डावा डोळा तं तुले माहीतच हाय, चौथीत विटी लागली तवापासून धुरकट. विटी तूच मारली होती, पण ते जाऊ दे. उजव्या डोळ्यावर सारं चाललं होतं. कॅमेऱ्यालेही तोच लावतो.

आता दुसरी बातमी. शाळेच्या गाडीचा डावा आरसा बदलला. नाताळच्या सुट्टीआधी जरासा घोळ झाला होता. आपल्या गल्लीतल्या केसरबाईची नात हाय ना, सारिका, दुसरीत जाते, ती माह्याच गाडीत असते. चढता चढता तिच्या दप्तराचा पट्टा दाराच्या मुठीत अटकला. आरसा ढिला झाला होता, म्हणून मले दिसलं नाही. पोरीले थोडं खरचटलं. लोकांनी उगाच गर्दी केली.

थांब. हे असं नाही झालं.

आरसा ढिला नव्हता. मीच नंतर पान्यानं ढिला केला, लोकाईले दाखवायले.

सारिकाची पाण्याची बाटली खाली पडली होती. ती उचलायले उतरली. मी डावीकडं पाह्यलं, शेखर. कुराणावर हात ठेवून सांगतो, मी पाह्यलं. मले दार दिसलं नाही, पोरगी दिसली नाही, अन् काही दिसत नाही हेही समजलं नाही. मले वाटलं रस्ता मोकळा हाय. मी गाडी काढली. दप्तराचा पट्टा दाराच्या मुठीत अटकलेला, चार पावलं ती पोरगी गाडीसंगं फरफटत आली. केसरबाईनं पत्र्यावर दोन्ही हात आपटले, गाडीतले लेकरं किंचाळले, तवा मी ब्रेक दाबला.

लोक जमले. अन् माह्या तोंडातून काय निघालं? "पोरगी मधातच उतरली, मी काय करू? शंभर डाव सांगतलं, विचारल्याबिगर उतरायचं नाही."

केसरबाईनं सगळ्यांसमोर सारिकाच्या थोबाडीत मारली. गुडघ्यातून रक्त चाललं होतं तिच्या, अन् वरून ही थापड. रडली नाही पोरगी. माह्याकडं पाहत राह्यली. तवापासून ती चुपचाप मागच्या सीटवर जाऊन बसते. आधी रोज माह्या मागं लागायची, काका आज कोणता फोटो काढला, दाखवा ना. आता पाहतही नाही.

हे मी जमीलालेही सांगतलं नाही.

गुरुवारी लेकराईले शाळेत सोडलं अन् बुलडाण्यातच डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो. तिथं एक मशीन हाय. त्यात तोंड घालून बसायचं, समोर पाहत राह्यचं, अन् आत कुठंही बारीक दिवा चमकला की बटन दाबायचं. मी दाबलं, दाबलं, अन् मंग दिवे यायचेच बंद झाले. मी वाट पाहत बसलो. शेवटी म्हटलं, "सिस्टर, मशीन बंद पडली वाटते." ती म्हणे, "मशीन चालू आहे, तुम्ही समोर पाहा."

मी समोरच पाहत होतो, शेखर.

काचबिंदू हाय म्हणे. डोळ्यातला दाब वाढला. जेवढं गेलं तेवढं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून सांभाळायचं. डॉक्टरनं विचारलं, काय काम करता? मी म्हटलं, "फोटो काढतो." ते हसले. म्हणे, "फोटो काढा खुशाल. गाडी मात्र चालवू नका, दुचाकीसुद्धा नाही." मी म्हटलं, "हाव साहेब." अन् खाली येऊन गाडी सुरू केली.

लेकराईले आणायचं होतं ना.

शुक्रवारी नेलं. शनिवारी नेलं. अकरा लेकरं. प्रत्येक दारासमोर मी मान डावीकडं अशी वळवतो की मानेत कळ येते. मोठ्यानं मोजतो, एक, दोन, तीन. लेकराईले वाटते काका खेळ करून राह्यले, ते बी माह्यासंगं ओरडते. शनिवारी चौकात एक म्हातारा माह्या डाव्या बाजूनं एकदम उगवला. जमिनीतूनच निघाल्यावानी. हातभर अंतर होतं. तो शिव्या देत गेला, लेकरं हसले. मले दहा मिनिटं गिअर टाकता आला नाही.

मले वाटायचं, आंधळेपण म्हणजे अंधार. तसं नाही बे. काळं काही दिसत नाही. जे नाही ते नाहीच, अन् जग पुरंच वाटते. त्याचंच भेव वाटते मले. सकाळी उठलो की पहिले डावा हात पुढं धरून पाहतो, बोटं कुठून गायब होते ते. रोज वाटते, काल यापेक्षा जास्त दिसत होतं.

तू म्हणशील, मंग गाडी सोडली काऊन नाही? सोडली असती तं लोकाईनं कारण विचारलं असतं. कारण सांगतलं असतं तं केसरबाईले समजलं असतं की त्या दिवशी चूक कोणाची होती. एवढ्यासाठी, शेखर. एका थोबाडीचा हिशोब द्यावा लागू नये म्हणून मी अकरा लेकरं घेऊन फिरलो. हे लिहितानाच मले माही लाज वाटून राह्यली.

उद्या सोमवार. सातले पहिलं लेकरू घ्यायचं. हे पत्र तुह्या हाती पडेपर्यंत बुधवार उजाडन, म्हणजे तुले विचारूनही फायदा नाही. मी उठतो. केसरबाईकडं जाऊन येतो. नाही गेलो तं हे पत्र फाडून टाकीन अन् उद्या गाडी काढीन, मले मी चांगला माहीत हाय.

संध्याकाळ, सहा वाजले

जाऊन आलो.

केसरबाई ओसरीवर सुपात तीळ निवडत बसली होती. मी समोर खाली बसलो. म्हटलं, "माय, त्या दिवशी सारिकाची चूक नव्हती. मले ती दिसली नाही."

"आरसा ढिला होता ना तुहा?"

"आरसा चांगला होता. माहा डोळा गेला. डावीकडचं मले दिसत नाही."

तिचा हात सुपातच थांबला. "अन् तू आमचे लेकरं नेऊन राह्यला?"

"हाव."

"तुले मालूम असून?"

"गुरुवारपासून. मालूम असून."

मले वाटलं आता सूप डोक्यात घालते. घातलं असतं तं बरं झालं असतं. मी म्हटलं, "माय, मंग मले काय म्हणायचं ते म्हण. पण पहिले सारिकाले बोलाव. तिनं माह्यापायी मार खाल्ला. तिच्यासमोर सांगायचं हाय."

केसरबाई माह्याकडं पाहत राह्यली. मले वाटलं रागात हाय. म्हणून मीच घरात आवाज देला, "सारिका! ओ सारिका! बाहेर ये बेटा!"

केसरबाईनं सूप खाली ठेवलं. एकदम हळू आवाजात म्हणे, "हैदर... ती तुह्या बाजूलेच तं उभी हाय. तू आला तवापासून."

मी मान वळवली. वळवतच गेलो. हात लांब केला असता तं लागली असती, इतकी जवळ होती. हातात तिळाची वाटी, अन् तोंड भेदरलेलं. माह्याहून जास्त भेदरलेलं. म्हणे, "काका, मी खरंच दिसली नाही?"

"नाही, बेटा."

केसरबाईनं पोरीले जवळ ओढलं अन् तिचे गाल दोन्ही हातानं चोळत बसली. मले जा म्हणाली नाही अन् बस बी म्हणाली नाही.

उद्या गाडी निघणार नाही. आता बाकीच्या दहा घरी जायचं हाय. त्याच्याआधी जमीलाले सांगायचं, ती आत चहा ठेवून राह्यली. कप वाजून राह्यले. मले लई भेव वाटते, शेखर. तिचं, डोळ्याचं, उद्याच्या सकाळचं. पत्र भेटलं की निघ, अन् दारातून आत येशील तं मले हाक मारून ये. हाक मारल्याबिगर बाजूले येऊन उभा राहू नको.

तुहाच,
हैदर