जिभेला चिकटणारी माती

मंगळवार, ३ मार्च

मातीच्या गोदामात लागलो. पंधरा दिवस, जास्त नाही. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तुझे पंधरा म्हणजे आठ. बेकरीत अकरा काढले होते की!

इथे माती वाळवतात, दळतात, गोण्यांत भरतात. बस. नुसती माती! पण ही माती तेल पिते. गॅरेजवाले नेतात — जमिनीवर ऑइल सांडलं की वर पसरायची, थोड्या वेळाने झाडून काढायची. तेलगिरणीवाले हिच्यातून तेल गाळतात, काळपटपणा मातीत राहतो. मांजरं पाळणारे त्यांच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात. बायका तोंडाला फासतात. म्हणजे दिवसभर इथे वावरून मी उजळायला हवा होतो. ओठ तेवढे फुटलेत.

बुधवार, ४ मार्च

जीभकाका! खरं नाव कुणी घेत नाही. तीस वर्षं एकच काम. खाणीतून ट्रॉली आली की एक ढेकूळ फोडायचं, तुकडा जिभेवर टेकवायचा आणि हात सोडायचा. तुकडा लटकून राहिला तर माल पास. पडला तर ट्रॉलीवर खडूने फुली. मला हसू आवरेना. काका म्हणाले, "हस, भिंगरी, हस. जी तुझी थुंकी ओढते तीच तेल ओढते."

भिंगरी म्हणे. एका दिवसात ओळखलं!

मीही लावून बघितली. सुटता सुटेना. चव भिंतीसारखी. (भिंत लहानपणी चाटलीय, म्हणून माहीत.)

शनिवार, ७ मार्च

चाळणी बंद पडली, काम नाही. गोदामातल्या मांजरामागे तासभर फिरलो. चहूबाजूंना मातीचे डोंगर — मांजरांसाठीच विकतात ती! — आणि ही बया जाते साहेबांच्या पायपुसण्यावर. बेत काय होता? हां, ताईला पत्र लिहायचं होतं. राहिलं.

सोमवार, ९ मार्च

खाणवाल्या मावशींच्या ट्रॉलीवर लागोपाठ तिसरी फुली. आज मावशी स्वतःच आल्या, पदर खोचून. तीच खाण, तोच थर, बारा वर्षं चालली आणि आताच काय धाड भरली, असं विचारत होत्या. काका मान वर करेनात. जीभ खोटं बोलत नाही, एवढंच म्हणाले. मावशी म्हणाल्या, "दादा, तुमची जीभ खोटं बोलत नसेल. पण माझी माती तरी कशाला बोलेल?"

साहेबांनी निकाल दिला. शनिवारी अकराला शेवटची ट्रॉली. तीही पडली तर मावशींची माती कायमची बंद. त्यांच्याकडे नऊ माणसं खणतात, त्यात दोन दीर. त्यांना गिऱ्हाईक आम्ही एकच.

मला काय त्याचं? मी पाहुणा. तरी जेवण गेलं नाही.

मंगळवार, १० मार्च

जेवणाच्या सुट्टीत फुलीवाल्या ढिगातलं ढेकूळ उचललं. जिभेवर ठेवलं. लटकलं! दुसरं घेतलं. तेही. तिसरं ओढून काढताना जिभेचं साल निघालं. मग यंत्राच्या डब्यातलं ऑइल थेंब थेंब सोडलं — गडप. पुन्हा सोडलं — गडप.

माल चांगला आहे. मग काकांच्या जिभेवरून का पडतो?

बुधवार, ११ मार्च

आज काकांवरून नजर हलवली नाही. (आयुष्यात इतका वेळ एका जागी बसलो नसेन.) पाण्याची बाटली सतत हातात. दुपारपर्यंत चार संपवल्या. तुकडा लावायच्या आधी एक घोट, कारण तोंड कोरडं. घोट घेतला की ओल्या जिभेवरून तुकडा घसरतो. न घेतला तर कोरड्या जिभेला धरतच नाही. दोन्हीकडून मरण! दुसऱ्या खाणींचा माल गेल्या महिन्यापासून आलाच नाही, नाहीतर त्यावरही फुल्याच पडल्या असत्या.

संध्याकाळी गोण्यांच्या आड सगळं सांगितलं. वाटलं, थोबाडीत बसणार. काका हातातला खडू चोळत राहिले. मग म्हणाले की दोन महिने झाले, तोंडात थुंकी नाही. वाटलं, धूळ असेल. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. ते म्हणाले, जाईन, पण डॉक्टरने काही सांगितलं तर मग इथे मी कोण?

"शनिवारची ट्रॉली यायच्या आत मी काय ते बघतो. तोवर गप्प राहशील?"

शब्द दिला. राहीन म्हणालो.

गुरुवार, १२ मार्च

तीनदा गेटपर्यंत जाऊन परत आलो. विनाकारण.

शुक्रवार, १३ मार्च

मावशी दिसल्या. एका दिराला दुसरीकडे काम बघायला सांगितलंय म्हणे. मलाच विचारत होत्या, तू इतकी गावं फिरलास, कुठे खणणारा लागतो का. मी चपलेकडे बघत बसलो. एक वाक्य बोललो असतो तर!

काका दिवसभर नेहमीसारखेच. काही बोलले नाहीत, काही केलं नाही. निदान मला तरी दिसलं नाही. विसरले? की ट्रॉलीवर आणखी एक फुली मारून मोकळे होणार? तीस वर्षं सांभाळलेलं नाव कोण आपणहून सोडतो? मी नसतं सोडलं. मला सोडायला नावच नाही, ही गोष्ट वेगळी.

पिशवी भरून ठेवलीय. उद्या सांगायचं आणि सुटायचं.

शनिवार, १४ मार्च

नऊ वाजताच साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. काका, पाणी, जीभ, मावशींची माती — सगळं भडाभडा ओकलो. साहेबांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाले, काका काल सुट्टी झाल्यावर स्वतःच येऊन सांगून गेले. मावशींचा सगळा माल, फुलीवालासुद्धा, घेणार आहोत. आणि जिभेच्या कामावर तुला ठेवा, असंही म्हणून गेले.

"म्हणाले, पोराला बुधवारपासून ठाऊक होतं. पण शब्द दिला तर दिला, तोंड उघडलं नाही."

मग साहेबांनी हजेरीवही ओढून माझं नाव लिहिलं.

"ठेवलंय तुला. जा, काकांना तूच सांग."

काका बाहेर गोणीवर बसलेत, बाजूला माझ्यापुरती जागा ठेवून. मी मागच्या दाराने शेडमध्ये आलोय.